दादाजींचा माग

नागपूर,
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

चि. शामला हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू पत्र फ्रिजवर ठेवलं असशील आणि पोळ्या आटोपल्यावर, हात पुसून, उघडलं असशील. तेवढं मी माझ्या धाकट्या बहिणीला ओळखते. अकरा वर्षांत माणूस फारसा बदलत नाही. मी तर मुळीच बदलले नाही, आणि या पत्रात बरीचशी तीच रड आहे.

तुझा नंबर माझ्याकडे आहे. मेसेज करता आला असता. पण मेसेज पाठवून लगेच पुसता येतो आणि माझा माझ्यावर भरवसा नाही. पत्र एकदा पेटीत पडलं की पडलं.

आधी घरचं सांगते. सासूबाई ब्याऐंशीच्या झाल्या, पण अजून भाजीवाल्याशी वाद घालून कोथिंबीर फुकट आणतात. गिरिधर पुढच्या वर्षी रिटायर होतील. गार्गी बारावीला आहे. नाकाच्या शेंड्यावर राग. कुणावर गेली ते तू आरशात बघ. मनीषनगर आता तुला ओळखू यायचं नाही. जिथे आपण रेल्वेचं फाटक उघडायची वाट पाहत शेंगदाणे खायचो, तिथे आता गाड्या खालून जातात आणि वरून जातात.

आता माझं. हे पत्र मी धंतोलीतल्या एका दवाखान्यातून लिहिते आहे. घाबरू नकोस, छाती ठणठणीत आहे. भानगड कानाची आहे.

तुला कुणाकडून तरी कळलं असेल की दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. कानामागे कातडीखाली एक छोटं यंत्र बसवतात. त्याची तार आत, कानातल्या शंखात जाते. बाहेरून एक चकती चुंबकानं डोक्याला चिकटते आणि ती आवाज आत पोचवते. ते सुरू केलं त्या दिवशी गिरिधर समोर बसून म्हणाले, 'ऐकू येऊन राहिलं का?' आणि मला वाटलं खोलीत बदक शिरलं. सगळ्यांचेच आवाज तसे, पत्र्याच्या डब्यातून आलेले. मग हळूहळू माणसं वेगळी कळायला लागली. गार्गीचा आवाज मी ती चार वर्षांची असताना सोडला होता, तो एकदम पंधरा वर्षांचा होऊन परत मिळाला. मी तिला वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा वाचायला लावल्या.

ती चकती झोपताना काढायची असते, कातडीला विसावा म्हणून. मी काढायची नाही. सैल वाटते म्हणून तिच्यातलं चुंबक फिरवून घट्टही केलं. दहा वर्षांची उपाशी बाई पंगतीतून कशी उठेल, सांग. नागपंचमीच्या सुमारास चकतीखालची कातडी लाल झाली. मग ओली. मग तिथून पू यायला लागला.

आणि महिनाभरावर महालक्ष्म्या. आमच्याकडचं सोवळं तुला माहीत आहे. वाहत्या जखमेचा हात आंबिलीला लागायचा नाही, पुरणाला लागायचा नाही, हा सासूबाईंच्या सासूबाईंचा नियम. थोरली सून मी एकटी. म्हणून केस पुढे ओढले, पदर घेतला आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. पू थांबला. आठ दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा गोळ्या, पुन्हा थांबला. असं तीनदा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझी मूठ वाहत होती. ज्येष्ठा-कनिष्ठांना साड्या नेसवल्या, फुलोरा बांधला, सोळा भाज्या केल्या. दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी धाकटीच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत बसले. तिसऱ्या दिवशी गार्गीला माझ्या पदरावर डाग दिसला आणि तिनं ओरडून घर डोक्यावर घेतलं. ओरडली हे तिच्या तोंडावरून कळलं, कारण तोवर चकती चिकटेनाशी झाली होती.

इथले डॉक्टर ऋषिकेश म्हणून आहेत, तरुण आहेत. मी बोलते, ते लिहितात. मी म्हटलं, गोळ्या घेतल्या तर बरं होतं, मग परत का येतं? त्यांनी कागदावर कूलर काढला. आपला उन्हाळ्यातला, लोखंडी पत्र्याचा. टाकीतलं पाणी कितीदा बदललं तरी आत हात घातला की पत्र्याला बुळबुळीत लागतं ना, तसं. जंतू यंत्रावर बसतात, आपल्याभोवती चिकट थर करतात आणि आत दडतात. औषध वरच्यावर फिरणाऱ्यांना मारतं. पू थांबतो, आपण खूश होतो. गोळ्या संपल्या की आतले बाहेर येतात, आणि मधल्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी जास्तच निर्ढावलेले. कूलर घासता येतो. डोक्यातलं यंत्र घासता येत नाही.

दहा दिवस सलाईनमधून औषध देऊन पाहिलं. शुक्रवारी यंत्र काढणार. आतली तार तेवढी ठेवतील, म्हणजे वाट बुजणार नाही. मग सहा आठवडे औषधं, आणि त्यानंतर जंतू उरले नाहीत असं दिसलं तर जानेवारीत नवीन बसवतील. उरले तर नाही बसवणार. मग असंच.

औषध ठरवताना त्यांनी विचारलं, आधी कान कशानं गेले? मी म्हटलं, टीबीच्या इंजेक्शनांनी, २०१३ साली. त्यांनी लिहिलं, इंजेक्शनं कोण देत होतं? मी म्हटलं, बहीण. त्यांनी पुढे विचारलं नाही. मला मात्र तेव्हापासून तुला पत्र लिहायचं होतं, आणि आता तीन पानं झाली तरी जे लिहायचं ते राहिलंच आहे. सिस्टर औषध घेऊन आली आहे, बोट दाखवून झोपा म्हणते आहे.

तुझ्या उमरेडच्या घराशेजारी दादाजी कोष्टी होते. त्यांचा माग अजून चालतो का? माझ्या शेवटच्या दिवसांत तो बंदच असायचा ना? तूच म्हणाली होतीस. का विचारते कुणास ठाऊक. पडल्या पडल्या तो खटखट आवाज आठवायचा प्रयत्न करते, आणि येत नाही.

तुझी,
अरुताई


मनीषनगर, नागपूर,
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय शामे,

काल भाऊबीज झाली. आपल्याला भाऊ नाही म्हणून तू मलाच ओवाळायचीस, आणि ओवाळणीत माझ्या वह्यांमागची कोरी पानं फाडून मागायचीस. काल पाटावर कुणी बसलं नव्हतं, तरी मी तबक तयार केलं होतं. गार्गीनं विचारलं कुणासाठी, तर म्हटलं सवय आहे.

माझ्या पत्राला उत्तर आलं नाही. बरोबरच आहे. त्यात उत्तर देण्यासारखं मी लिहिलं काय होतं? कूलर!

यंत्र निघालं. यंदाची दिवाळी मी बिनआवाजाची पाहिली. फटाके नुसते उजेडाचे. दंडातल्या शिरेत एक बारीक नळी बसवली आहे आणि कामिनी नावाची मुलगी रोज घरी येऊन त्यातून औषध देते. आधी दहा मिनिटं हात धुते, मग नळीचं तोंड पुसते, कारण हा थर म्हणे नळीतही बसू शकतो. शिवाय पोटातून एक गोळी आहे. ती पाहून मी हसले. आपली जुनीच टीबीची लाल गोळी. तीच, जिच्यानं लघवी केशरी होते आणि तू म्हणायचीस, 'घाबरू नको वं ताई, झेंडावंदन झालं.' माझ्या टीबीला तेव्हा ती लागू पडली नव्हती, कारण पहिल्या वेळेस मी बरं वाटताच औषध सोडलं होतं. या जंतूंना लागू पडते. त्या चिकट थरातही शिरते म्हणतात. तेव्हा रुसलेली गोळी आता कामाला आली.

कामिनी रोज मोबाईलवर मोठ्या अक्षरांत विचारते, काही त्रास? मी सगळं सांगते. डोकं जड आहे, तोंड कडू आहे, डाव्या पायाच्या करंगळीला खाज सुटते. ती हसते, म्हणते इतकं कुणी सांगत नाही. तिला काय माहीत मी कुठली थकबाकी फेडते आहे.

आता लिहिते. यापुढे कुठेही थांबले तर पत्र फाडीन, म्हणून थांबत नाही.

सासरी लहान मूल म्हणून तू मला तुझ्या उमरेडच्या दोन खोल्यांत नेलंस. स्वतः नर्स, तुला धोका माहीत होता, तरी नेलंस. रोज चारला इंजेक्शन, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. मग गरम पाण्याची पिशवी. मग ते पिवळं कार्ड काढून तीन प्रश्न. उलटी झाली का? लघवी बरोबर आहे? कानात आवाज येते का? मी उत्तर द्यायची, तू खूण करायचीस. त्यानंतर तू चहा टाकायचीस आणि भिंतीपलीकडे दादाजींचा माग चालू असायचा. मरणाच्या दारात होते मी, पण आयुष्यात इतकं कुणी मला जपलं नाही. ते सात महिने मला अजून हवेसे वाटतात. वेड्यासारखं आहे, पण वाटतात.

सहाव्या महिन्यात माझ्या कानात शिट्टी सुरू झाली. बारीक, न थांबणारी. तू विचारलंस, कानात आवाज येते का? मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी विचारलंस, नाही. तेवीस दिवस तू रोज विचारलंस आणि तेवीस दिवस मी नाही म्हटलं.

का, ते सांगते. इंजेक्शनं पूर्ण झाली आणि थुंकीचा रिपोर्ट पुन्हा स्वच्छ आला की गार्गीला जवळ घ्या, असं मला सांगितलं होतं. दर रविवारी गिरिधर तिला आणायचे आणि ती तुझ्या फाटकाशी उभी राहून विचारायची, 'आई, तू बाहेर काहून नाही येत?' कानाचं कळलं असतं तर तू इंजेक्शन थांबवायला लावलं असतंस, आणि माझं आणखी लांबलं असतं. मला ती मांडीवर हवी होती. कान जातील असं वाटलं नव्हतं. वाटलं होतं, शिट्टी आहे, थांबेल.

ती थांबली तेव्हा सगळंच थांबलं.

गिरिधरना कुणीतरी सांगितलं की नर्सनं रोज विचारायचं असतं. त्यांनी जिल्ह्याच्या ऑफिसात तक्रार लिहिली, की संबंधित नर्सने रुग्णास न विचारताच कार्डावर खुणा केल्या. खाली सही माझी. मला ऐकू येत नव्हतं शामे, पण वाचता येत होतं. मी वाचून सही केली. तुझी चौकशी झाली, तुला भामरागडकडे धाडलं. आई गेली तेव्हा तुला पोचायला दीड दिवस लागला, आणि तू पोचलीस तेव्हा आईला नेऊन अंगण सारवूनही झालं होतं. तेराव्याला सगळ्या नातेवाइकांपुढे मी म्हणाले, हिनं माझे कान नेले. तू माझ्याकडे पाहिलंस, पिशवी उचललीस आणि गेलीस. मला वाटलं होतं तू ओरडशील. ओरडली असतीस तर मी कदाचित खरं बोलले असते.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. गरज सरो नि वैद्य मरो, इतकी नीच मी असू शकते हे मला त्या दिवसापासून माहीत आहे, आणि त्या लाजेनं मी तुझ्या वाटेला गेले नाही. तुझा राग होता म्हणून नाही.

गेल्या आठवड्यात गिरिधरना सांगितलं, जेवताना. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग गार्गीच्या पाटीवर त्यांनी लिहिलं, 'मले काहून नाही सांगतलं?' मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलं नाही. ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी स्वतःच कोरा कागद घेऊन आले आणि मी सांगत गेले तसं त्यांच्या कारकुनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. तक्रार खोटी होती, नर्सने रोज विचारलं होतं, रुग्णाने लपवलं होतं. ऑफिसातल्या माणसाने लिहून दाखवलं की प्रकरण केव्हाच बंद झालं, आता याचा उपयोग नाही. गिरिधर म्हणाले म्हणे, 'उपयोग नसू द्या, शिक्का मारा.' शिक्क्याची प्रत सोबत आहे. तिनं तुझी भामरागडची ती चार वर्षं परत येत नाहीत, आईही नाही. तरी तुझ्याकडे असावी.

अजून एक आहे, तेही सांगून टाकते. दोन वर्षं तुला मंगळवारी दुपारी एक मुका फोन यायचा. ती मी. यंत्राला फोन जोडता येतो. तू म्हणायचीस, 'हॅलो, कोण बोलून राहिलं?' मी गप्प. मग तू चिडायचीस, 'बोलायचं नाही तं फोन काहून करता गा?' मला बाप्यासारखं गा म्हणायचीस आणि मी इकडे तोंडात पदर कोंबून बसायची. तुझा आवाज बदललेला आहे, जाड झाला आहे. पण 'हॅलो'तला शेवटचा हेल आईचा आहे. चकती चिकटेनाशी झाली, त्याच्या आदल्या दिवशीही मी फोन केला होता. त्यानंतर काहीच ऐकलं नाही, म्हणजे शेवटचं ऐकलेलं तेच, तुझं रागावणं. पुढे काही ऐकू आलंच नाही तर तेवढं आहे माझ्याजवळ.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहिणार होते. पण खोटं कमी करायचं ठरवलं आहे. चालणार नाही.

तुझी,
अरुताई


मनीषनगर, नागपूर,
२२ जानेवारी २०२६

माझ्या शामे,

तिळगूळ घे. डबा गार्गीनं भरला आहे, म्हणून वड्या वाकड्या आहेत. गोड बोल असं मी कुठल्या तोंडानं म्हणू, म्हणून नुसतं घे.

तुझं पत्र नऊ डिसेंबरला आलं आणि मी आज उत्तर देते आहे. दीड महिना मी काय करत होते ते सांगते, म्हणजे तुला भलतं वाटायला नको.

पाकिटातून आधी ते पिवळं कार्ड निघालं. मला वाटलं, हिनं पुरावा पाठवला, आता पुढे शिव्या असतील. मग तुझ्या चार ओळी वाचल्या. इतक्यांदा वाचल्या की तुला तुझ्याच शब्दांत परत लिहून दाखवते. 'तू त्या दिवशी विचारलं, आज दादाजीचा माग बंद आहे का वं? माग चालू होता, ताई. भिंत हालत होती. तुले ऐकू येऊन नाही राहिलं हे मले तेव्हाच समजलं. मी म्हणलं, हो, बंद आहे. नऊ दिवस उरले होते इंजेक्शनचे. माझ्या सेंटरवर दोघांचं मधातच थांबवलं होतं, दोघंही गेले. मले तू जिती पाहिजे होती.'

तुझ्यावर मी भयंकर चिडले. अगदी खरं सांगते. मी तेवीस दिवस लपवलं म्हणून बारा वर्षं स्वतःला खात बसले, आणि ही बया माहीत असून मला रोज सुई टोचत होती! डॉक्टरांना सांगितलं असतंस तर त्यांनी डोस कमी केला असता, दुसरं औषध दिलं असतं, काहीतरी वाचलं असतं. गार्गीचा पाचव्या वर्षीचा आवाज, सहाव्या वर्षीचा आवाज. आईचा शेवटचा. मी ते कार्ड फाडायला घेतलं होतं.

फाडताना बोटाला लागलं. तुझ्या खुणा मागच्या बाजूनं फुगल्या आहेत. सगळ्या नाही. आधीच्या सगळ्या हलक्या हातानं केलेल्या आहेत. शेवटच्या नऊ खुणांना तू पेन इतका दाबलास की कागद फाटायला आला होता. मी डोळे मिटून त्यांच्यावर बोट फिरवत बसले. तेव्हा मला कळलं की चारच्या सुमाराला तुझा हात कसा झाला असेल.

मग मी स्वतःला विचारलं, तू पलंगावर असतीस आणि सुई माझ्या हातात असती तर? तू मला विचारलं असतंस, आज माग बंद आहे का? मी हो म्हणाले असते, शामे. एका श्वासात म्हणाले असते. आणि नऊ नव्हे, नव्वद खुणा केल्या असत्या.

पण चौकशीत तू हे का बोलली नाहीस, ते मला अजून समजत नाही. 'तिनंच लपवलं' असं म्हणायचा तुला हक्क होता. म्हणाली नाहीस, कारण मग तुला तुझंही सांगावं लागलं असतं? की मला खोटी पाडायची नव्हती? तू लिहिलं नाहीस. त्या मुक्या फोनांबद्दलही एक अक्षर नाही. कधी तरी समोरासमोर विचारीन. आता मला फार घाई नाही. म्हणजे आहे, पण त्याची नाही.

जंतू गेले. कापून काढलेल्या यंत्राची तपासणी, मग कानामागच्या जागेची, दोनदा रक्ताची. डिसेंबरच्या शेवटी ऋषिकेश डॉक्टरांनी कागदावर पुन्हा कूलर काढला आणि त्याच्या टाकीत एक कमळ. त्यांना चित्रकला येत नाही. सहा तारखेला नवीन यंत्र बसलं, टाके निघाले. या वेळी सगळ्यात हलकं चुंबक दिलं आहे आणि त्यांनी तीनदा लिहून दिलं आहे की चुंबकाला हात लावायचा नाही, झोपताना काढायचं, कातडी लाल दिसली तर त्याच दिवशी यायचं. सासूबाईंनाही वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि पाटीवर लिहिलं, 'जखम झाली तं महालक्ष्म्या मी सांभाळीन, तू दवाखान्यात जाय.' ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी सासूबाईंच्या सासूबाईंचा नियम मोडला.

यंत्र सुरू करायचं आहे पाच फेब्रुवारीला, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता. उमरेडहून सातची एसटी घेतलीस तर वेळेत पोचतेस. स्टँडवर गार्गी येईल. तू तिला चार वर्षांची असताना शेवटचं नीट पाहिलं आहेस, पण ओळखशील. जी सगळ्यांवर खेकसत असेल ती.

दवाखान्यातली बाई सुरू करण्याआधी विचारते, पहिला आवाज कुणाचा हवा? मागच्या वेळी गिरिधर होते, त्यांचं बदक झालं. या वेळी गार्गी हटून बसली होती. मी म्हटलं, तुझा मला रोज मिळणार आहे, तू थांब. ती तोंड फुगवून थांबली आहे.

तर तू ये. माझ्या समोर खुर्ची घेऊन बस. तोंडावर हात धर, म्हणजे मला ओठ वाचून चोरी करता येणार नाही. आणि रोज चारला विचारायचीस ना, तसंच विचार. कानात आवाज येते का? येत असेल तर मी हो म्हणेन. येत नसेल तर नाही म्हणेन, आणि त्या दिवशी नाही आला तर दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विचार. तुला किती दिवसांची रजा मिळते ते बघून ठेव.

आणि येताना दादाजींच्या घरावरून ये. माग चालू असेल तर मला चालू आहे म्हणूनच सांग.

वाट पाहते आहे.

तेवीस दिवस तुझ्याशी खोटं बोललेली, तुझीच,
अरुताई